ढिला बेल्ट

“झेपेलिन मेटल नाही. संपला विषय,” दिगंबर माइकात म्हणाला आणि काळे टी-शर्ट घातलेल्या पोरापोरींपैकी अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी बोंब ठोकली.

सदाशिव पेठेतल्या बारावीच्या क्लासचा हॉल होता. रविवारची संध्याकाळ, म्हणून मिळाला होता. फळ्यावर रसायनशास्त्राचे षटकोन तसेच राहिले होते आणि त्यांच्याखाली खडूनं लिहिलं होतं : मेटलचे खरे बाप कोण? हेवी मेटल हा रॉक संगीताचा जड प्रकार कोणत्या बँडनं जन्माला घातला, याचं उत्तर द्यायला दोघांना बसवलं होतं. एक आमोद, तिशीतला, आयटीतला, छातीपर्यंत दाढी. दुसरा दिगंबर. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट खोचलेला. आयुष्यभर काउंटरच्या जाळीआडून ‘उद्या या’ म्हणालेल्या या माणसाच्या तोंडापुढे पहिल्यांदाच कुणीतरी माइक धरला होता.

“मग पर्पल?” आमोद म्हणाला. “तो ऑर्गन, तो स्पीड. सर, ते तरी बसतात का तुमच्या पंगतीला?”

“पर्पल हुशार. वर्गातल्या पहिल्या नंबरासारखे हुशार. प्रीस्टनं दोन गिटारी शेजारीशेजारी उभ्या केल्या, अंगावर चामड्याचे कपडे चढवले. मोटरहेडनं सगळ्याला पळायला लावलं. सगळं मान्य. पण घर बांधलं सॅबथनं. बाकीचे रंगकामाला आले.”

हॉल हसला. दिगंबरला ते हसू चढलं. तो खुर्चीत पुढे सरकला.

“सॅबथचा गिटारवाला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशिनमध्ये दोन बोटांची टोकं गेली. दुसऱ्या कुणी गिटार विकून टाकली असती. यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली. ताणलेल्या तारा दाबताना दुखायचं, म्हणून पुढे तारा सैल केल्या. सैल तार खालच्या सुरात बोलते. जगभर गाजला तो जड आवाज असा आला. कुणी ठरवून नाही आणला रे. दुखलं म्हणून आला.”

कार्यक्रम ठरवणारी सलोनी पहिल्या रांगेतून उठली. जुन्या बाजारात तिलाच दिगंबरच्या तरुणपणच्या बँडची कॅसेट सापडली होती. ‘बॅसाल्ट, पुणे, १९८८.’ कव्हर भिजून गेलेलं, दिगंबरचं नाव तेवढं वाचता येत होतं. तिनं चार गाणी इंटरनेटवर टाकली, ती पार ब्राझीलपर्यंत ऐकली गेली, आणि लोक विचारायला लागले, हे कोण?

“सर, म्हणजे तुमचंही तेच ना?” सलोनी म्हणाली. “तेव्हा इथे सगळे कॉपी करत होते, जशीच्या तशी. आणि तुम्ही एवढे खाली, एवढे स्लो. कुठून सुचलं?”

खरं उत्तर अगदी साधं होतं.

शनिवार पेठेत खालिदच्या मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खालिद बेस वाजवायचा. रियाज दुकानामागच्या खोलीत चालायचा, कारण दिगंबरच्या घरी ‘असली मुलं’ चालत नसत. ज्यावर सॅबथची कॅसेट ऐकून ते शिकायचे, त्या खोलीतल्या कॅसेट प्लेयरचा रबरी बेल्ट ढिला पडला होता. ढिला बेल्ट टेप ओढताना दमायचा, मग गाणं रेंगाळायचं आणि सूर खाली यायचा. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. खालिद तेव्हा रेडिओ खोलायला शिकला होता, टेपला मामा हात लावू देत नसे. ताडून बघायला दुसरी कॅसेट नव्हती, दुसरा प्लेयर नव्हता. जे ऐकू येई तेच खरं मानून त्यांनी तारा सैल केल्या आणि सगळं तसंच बसवलं.

पुढे एकदा कॅम्पातल्या एका श्रीमंत पोराच्या घरी त्यांनी तीच गाणी चांगल्या डेकवर ऐकली. दिगंबरच्या कानशिलात कुणी लगावावी तसं झालं. घरी येताना तो पुलावर सायकल थांबवून रडला. सगळं चुकीचं शिकलो होतो. त्याला बेल्ट बदलायचा होता, तारा कसायच्या होत्या, सगळं पहिल्यापासून गिरवायचं होतं, शाळेत शुद्धलेखन गिरवतात तसं.

खालिदनं मामाच्या नकळत प्लेयर उघडला, बेल्ट बघितला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

“राहू दे दिग्या,” तो म्हणाला होता. “त्यांचं त्यांच्या जागी झकास आहे. पण आपलं बघ की. रोड रोलरसारखं येतंय. हळू येतंय, पण कुणी थांबवून दाखवावं.”

दिगंबर भांडला. खालिदला बहिरट म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. खालिद हलला नाही. “तारा कसल्यास तर मी नाही वाजवणार,” एवढंच म्हणाला. शेवटी त्यांची स्वतःची चार गाणी त्याच पट्टीत रेकॉर्ड झाली. चूक बेल्टची होती, आणि ती चूक सोनं आहे हे ओळखणारा कान खालिदचा. दिगंबरची त्यात फक्त बोटं होती.

हे इथे सांगून टाकायला काय जात होतं? कापलेल्या बोटांच्या गोष्टीशेजारी ही गोष्ट शोभली असती. पण नाही. परदेशातल्या मशिननं कापलेलं बोट म्हणजे इतिहास, आणि शनिवार पेठेतला झिजलेला रबर म्हणजे हसण्याची गोष्ट, हे दिगंबरच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अशा माणसाला दुसऱ्याचं श्रेय चोरल्याची लाज नंतर वाटते. आधी वाटते ती स्वतःच्या भंगार सामानाची.

“ठरवून केलं,” दिगंबर म्हणाला. “मला तो आवाज डोक्यात ऐकू यायचा.”

टाळ्या पडल्या. आमोद मात्र दाढी कुरवाळत होता.

“नाही, विचारतोय फक्त,” तो म्हणाला. “मी तुमची गाणी सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर लावून बघितली. सूर धड या पट्टीत नाही, धड त्या पट्टीत नाही. मधेच लटकलेला. असं ठरवून कोण करतं? कॅसेट स्लो चालत होती आणि तिच्यावरून उतरवताना गंडलं, असं तर नाही ना सर?”

कुणीतरी फिसकन हसलं. दिगंबरला अजूनही दार उघडं होतं. ‘हो रे बाबा, तसंच झालं’ म्हणायचं, की सगळा हॉल त्याच्या बाजूनं हसला असता. त्यानं ते दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

“गंडायला मी काय काल शिकलो होतो?” तो म्हणाला. “उलट आमचा बेसिस्ट मागे लागला होता, सगळ्यांसारखं करू, लोक हसतील. घाबरायचा बिचारा. मी म्हटलं, तारा कसल्यास तर मी नाही वाजवणार.”

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याला ते ओळखीचं वाटलं. कुणाचं ते कळेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेत एक हात वर झाला.

“काका, बोला ना,” सलोनी म्हणाली.

माणूस उठला. पांढरी खुरटी दाढी, खिशाला टेस्टर अडकवलेला, ऐकू येणारा कान पुढे करून मान किंचित वाकडी. खालिद होता.

सलोनीनं फोनवर बाकीच्या मेंबरांचं विचारलं तेव्हा दिगंबर म्हणाला होता, “ड्रमर गेला. बेसिस्टशी संपर्क नाही राहिला.” त्या बेसिस्टनं गेल्या दिवाळीत त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याचा मिक्सर दुरुस्त केला होता. आई गेल्यापासून खालिद त्याच्या घरी यायला लागला होता. कार्यक्रमाचं खालिदला त्याच्या पोरीनं, जोयानं, मोबाइलवर दाखवलं असणार. हडपसरहून दोन बस बदलून तो मित्राचं कौतुक बघायला आला होता आणि कुणी बोलावलं नसतानाही येऊन मागे बसला होता.

खालिदचा एक शब्द, की संपलं सगळं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात दिगंबरला वाटत होतं, बोल खालिद, फोड एकदाचं.

“मी यांना तेव्हा ऐकलंय,” खालिद आमोदला म्हणाला. “सर बरोबर बोलतायत.”

जन्मात त्यानं दिगंबरला सर म्हटलं नव्हतं.

“तो बेसिस्टपण माझ्या माहितीतला. एक नंबर भित्रा. सर ठाम राहिले म्हणून ते टिकलं.”

“बघ! झालं समाधान?” मागून कुणीतरी आमोदला ओरडलं. आमोदनं दोन्ही हात वर केले आणि दिगंबरपुढे मान लववली.

“काका, ते बेसिस्ट आता कुठे असतात?” सलोनीनं उत्सुकतेनं विचारलं.

“असतो कुठेतरी. मिक्सर-बिक्सर दुरुस्त करतो.” खालिद खाली बसला.

पुढे दिगंबर काय बोलला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कार्यक्रम संपला, खुर्च्या सरकल्या, पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. आपलाच घसा दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखं त्याला वाटत होतं. खालिद दाराकडे निघाला होता, पण गर्दीतून वाट काढताना सलोनीनंच त्याला थांबवलं.

“काका, प्लीज, एक फोटो काढाल आमचा? सगळ्यांचा?”

खालिदनं फोन घेतला. शर्टाच्या कडेनं त्याची काच पुसली. पोरांनी दिगंबरला मधोमध उभं केलं, खांद्यावर हात टाकले, मेटलवाल्यांची खूण म्हणून बोटांची शिंगं केली.

“सलोनी,” दिगंबर म्हणाला, “अगं, हा खालिद. हा आमचा...”

“सर, बोलू नका,” खालिद शांतपणे म्हणाला. “फोटो हलतो.”

त्यानं फोटो काढला, फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि पुन्हा वर धरला.

“अजून एक काढतो,” तो सलोनीला म्हणाला. “यात सर खाली बघतायत.”