माझ्या जाळीतल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, शाळेतला फळा, या सगळ्यांनी शेवटी सगळ्यांना माफ केल्याचं तुम्ही निबंधांतून वाचलं असेल. मी श्रेयसला माफ केलेलं नाही. माझं अंग लोखंडाचं आहे आणि लोखंड एकदा तापलं की लवकर निवत नाही.

माझा जन्म मुंबईतल्याच एका कारखान्यात झाला, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुलुंडचे नंदकिशोर सबनीस असेच थांबले होते. ते विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होते, त्यामुळे यंत्राशी कसं वागावं हे त्यांना सांगावं लागत नसे. दर रविवारी ते स्वतः मला धूत. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की झेंडूचा हार घेऊन घरी येत आणि त्यांची बायको कुंदा माझ्यावर हळदकुंकू वाहत असे. माझा दुधी रंग तेव्हा असा चकाकायचा की इमारतीतल्या मुली माझ्या काचेत बघून वेण्या नीट करायच्या.

त्यांचा मुलगा श्रेयस तेव्हा चार वर्षांचा होता. त्याने कर्कटकाने माझ्या दारावर लांब ओरखडा काढला, तेही मी सोसलं. लेकरू आहे, म्हटलं. पण हेच लेकरू कॉलेजात गेलं आणि बापाला सांगू लागलं, "बाबा, इथेच सोडा ना, पुढे मी चालत जातो." कॉलेजच्या फाटकापासून एक वळण अलीकडे तो उतरायचा. एकदा त्याच्या मित्रांनी आम्हाला पाहिलंच. त्यांनी विचारलं, तेव्हा श्रेयस म्हणाला, "आमचा नाही रे, शेजाऱ्यांचा खटारा आहे." नंदकिशोर ऐकून न ऐकल्यासारखं करून निघाले. मी मात्र ऐकलं आणि डूख धरला.

पुढे साखरेने नंदकिशोरांची नजर अधू केली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा कुंदा एकोणपन्नास वर्षांची होती. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कारकून होती. कुठल्या अर्जात कुठली मेख मारलेली आहे हे तिला नुसत्या वासावरून कळायचं, पण स्टिअरिंग तिने आयुष्यात हातात धरलं नव्हतं. नंदकिशोरांनी तिला विक्रोळीला कंपनीच्या मैदानावर नेलं. पहिल्याच दिवशी ब्रेक समजून तिने भलतंच काही दाबलं आणि आम्ही कांदळवनाच्या कुंपणाला जाऊन भिडलो.

"अगं कुंदा, खारफुटीत घालतेस का आपल्या दोघांना?"

"तिघांना म्हणा," कुंदा म्हणाली आणि तिने मला मागे घेतलं.

त्या दिवसापासून मी तिची झाले. चारचौघी ज्या वयात गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात कुंदा हायवेवर ट्रकवाल्यांना खिडकीतून हात दाखवून मागे ठेवायची. नवऱ्याला दवाखान्यात नेणं, बाजार, बँक, मैत्रिणींना नाटकाला घेऊन जाणं, सगळं आम्ही दोघी करायचो. शनिवारी पहाटे मात्र आमचा ठरलेला कार्यक्रम असे. पवईवरून, जोगेश्वरीवरून थेट वर्सोवा. सबनीसांच्या घरात मासळीवाचून रविवार सुना जायचा, आणि कुंदाला मासळी सरूबाईचीच लागायची.

सरूबाई टोपली पुढे ओढून हसायची. "आली काय गो कुंदाबाय तुझी म्हातारी?"

"माझी म्हातारी तुझ्या होडीपेक्षा जोरात पळते."

त्या वासाने माझी डिकी कधी निवळली नाही. मला तो वास आवडायचा.

आठ वर्षांपूर्वी नंदकिशोर गेले. तेराव्याच्या आतच श्रेयस कागद घेऊन आला. "आई, गाडी माझ्या नावावर करून घेऊ या, तुला आरटीओचे हेलपाटे नकोत." आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज बारीक नजरेने वाचणाऱ्या कुंदाने तो एक कागद न वाचता सही करून दिला. डोळ्यांतलं पाणीच खळत नव्हतं, वाचणार काय? आणि पोटचा मुलगा. नावात काय आहे, किल्ली तर तिच्याच हुकाला लटकणार होती.

मग यंदा श्रेयसला न्यूझीलंडला नोकरी लागली. नवी कंपनी घरसामानासोबत एक गाडीही समुद्रातून नेऊन देणार होती. ज्याला मी शेजाऱ्यांचा खटारा वाटत होते, त्याला अचानक साक्षात्कार झाला. तिकडे म्हणे जुन्या गाड्या पाळणाऱ्यांचा क्लब असतो. फोनवर तो कुणाला तरी सांगत होता, "इट्स अ फॅमिली लेगसी, यू नो." माझ्या बॉनेटवर हात ठेवून सांगत होता. मला तो हात झटकता आला असता तर!

कुंदा कठड्याला धरून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मग मी?"

"अगं, तुला टॅक्सीचं ॲप टाकून देतो ना मोबाईलवर. दोन मिनिटांत दारात. आणि आई, आता वय बघ ना तुझं. अडुसष्टाव्या वर्षी कशाला पाहिजे ते टेन्शन?"

त्याने तिथल्या तिथे ॲप टाकलं, कसं दाबायचं ते दाखवलं आणि वर जाऊन हुकावरची किल्ली खिशात घातली. कुंदाने पुन्हा काही विचारलं नाही. मला दात असते तर मी ते करकरा चावले असते.

शेवटच्या शनिवारी तिने किल्ली एका सकाळपुरती मागून घेतली. स्वतःच्या गाडीची किल्ली मागून घ्यावी लागली तिला! वर्सोव्याला सरूबाईला सगळं सांगितलं. सरूबाईने सुरी खाली ठेवली.

"पोरान नेतो म्हटला आन् तू गप बसलीस? जाल्यान सापडलेला म्हावरा बी तडफडतं गो बाय. तू नाय?"

कुंदा त्या दिवशी मासळी न घेताच माझ्यात येऊन बसली. बराच वेळ तिने मला सुरू केलं नाही. मग हसली. नंदकिशोर गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. त्या देशात गाडी न्यायची तर ती नव्या भांड्यासारखी स्वच्छ लागते. माती नको, बी नको, पान नको, धान्य नको आणि किडा तर मुळीच नको. त्यांच्या शेतीला परदेशी कीड लागेल म्हणून ते फार जपतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्या नियमांची चार पानं श्रेयसने मेजावर टाकली होती. त्याने वरची ओळ वाचली. कुंदाने चारही पानं वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट.

दोन माणसं तीन दिवस मला घासत होती. गालिचे काढले, सीटा उचलल्या, वाफ मारली. एकोणीस वर्षांचा मासळीचा वास गेला आणि मी स्वतःलाच ओळखेना. आरटीओत माझा नंबर कायमचा रद्द झाला. शेवटी माझ्या आत काहीही सजीव वा वनस्पतीजन्य नाही, असं श्रेयसने लिहून दिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला लांबलचक ट्रक आला. तेवढ्यात कुंदा तबक घेऊन खाली उतरली. अंगावर ठेवणीतली साडी.

"आई, हे काय?"

"गाडी समुद्र ओलांडून चालली. पूजा नको?"

"अगं पण क्लीनिंग झालंय ना तिचं! आत काही जाता कामा नये."

"बाहेरूनच करते रे. मला काय कळत नाही?"

शेजारच्या शर्मिष्ठाबाई आल्या होत्या, वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती, वॉचमनसुद्धा टोपी काढून उभा होता. मित्रांनो, आपल्याकडे मुलगा आईची गाडी नेऊ शकतो, पण चारचौघांत आईच्या हातातलं पूजेचं तबक हिसकावून घेऊ शकत नाही. श्रेयस पुटपुटत ट्रकवाल्याकडे वळला.

कुंदाने कुंकवाचं बोट लावलं. हार घातला. मग अक्षता घेतल्या, चांगल्या मूठभर. गेल्या गणपतीपासून बंद राहिलेल्या डब्यातले तांदूळ होते ते. कुंकवाने लाल झालेल्या दाण्यांत काही काळे ठिपके होते आणि ते चालत होते. माझ्या पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी जाळी आहे, तिच्यावर तिने मूठ रिकामी केली आणि तळहाताने दाणे आत लोटले. मग बॉनेटवर डोकं टेकलं. लोकांना तो नमस्कार वाटला.

"घट्ट धर बाई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आणि मला माफ कर."

श्रेयसने हार काढला, कुंकू ओल्या रुमालाने पुसलं, काचेवर राहिलेले चार दाणे फुंकून टाकले आणि स्वतःवर खूष झाला. जाळीत त्याने पाहिलं नाही.

जवळजवळ दीड महिना मी काळोख्या पेटाऱ्यात होते. लाटांनी हिसके दिले, तळपत्या उन्हाने पत्रा भाजला. मी एक दाणा सांडला नाही. किड्यांची माझ्या पोटात पिलावळ झाली, तीही मी आईच्या मायेने सांभाळली. सूड म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते: आपल्या अंगात कीड लागते आहे हे कळत असूनही खूष राहणं.

तिकडच्या बंदरावर हातमोजे घातलेली एक तपासनीस बाई आली. तिने बॅटरीचा झोत टाकला, जाळीत बारीक नळी घातली आणि नळीतून लाल दाणे बाहेर आले. मागोमाग काळे सरदार चालत आले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"राईस," श्रेयस म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "रिलिजस राईस."

बाईने शांतपणे सांगितलं की तांदूळ पूजेचा असला तरी त्यातला किडा जिवंत आहे, आणि खाली सही तुमची आहे. आता मला नटबोल्टापर्यंत उघडून औषध मारायचं, परत पाठवायचं किंवा माझा चुरा करायचा. यातलं काहीही करा, पण स्वतःच्या खर्चाने. कंपनीने तिथल्या तिथे हात वर केले. फाटकाबाहेर क्लबातले तीन म्हातारे कॅमेरे घेऊन माझी वाट बघत होते. श्रेयसने त्यांना जाऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याची मान खाली होती ती मी डोळे भरून पाहिली. मग त्याने चुऱ्याच्या रकान्यात खूण केली आणि माझ्याजवळ उभं राहून मुलुंडला फोन लावला.

"आई, तू गाडीत तांदूळ टाकले होतेस?"

"हो."

"अगं, चुकून पडले असतील ना?"

"चुकून कसले? मूठभर टाकले. जाळीत. किड्यांसकट." फोनमागे कुकरची शिट्टी झाली.

"पण का? नको नेऊस म्हणून सांगायचं ना मला!"

"'मग मी?' म्हणून विचारलं होतं. तू मला ॲप दाबायला शिकवलंस."

"आई, चुरा करणार आहेत ते! बाबांची गाडी होती ती."

"बाबांनी सोळा वर्षं चालवली, मी एकोणीस. आणि नंबर रद्द झालेली गाडी परत आली तरी मला मिळणार नव्हती. तेही वाचलं होतं मी." फोनमागे गॅसचं बटण खटकन बंद झालं. "होऊ दे चुरा. तुझ्या अंगणात फोटोसाठी उभी राहण्यापेक्षा बरं." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि फोन बंद झाला. ती रडत असणार. मलाही रडू आलं असतं, पण माझं सगळं पाणी प्रवासाआधीच काढून घेतलं होतं.

श्रेयसने त्या बाईकडे दोन मिनिटं मागितली. माझं दार उघडून तो पहिल्यांदाच चालकाच्या जागी बसायला गेला. कुंदा अंगाने बुटकी, सीट तिने कायम पुढे ओढलेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडले. त्याने खालचा दांडा ओढला, टाचा रोवून जोर लावला, मागे-पुढे हिसके दिले. सीट तसूभरही हलली नाही. मी हलू दिली नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो थोडा वेळ अडकून राहिला, मग उतरला आणि त्याने किल्ली त्या बाईच्या हातावर ठेवली.

उद्या सकाळी मला नेतील. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तुम्ही परीक्षेत लिहिताच, ते मी सांगत बसत नाही. माझं मागणं वेगळं आहे. घरातली एखादी वस्तू नेण्याआधी ती कुणाच्या नावावर आहे ते बघू नका, ती रोज कुणाच्या हातात असते ते बघा. त्या माणसाला विचारा, आणि विचारलंत की उत्तर येईपर्यंत थांबा. नाही थांबलात, तर ते माणूस पुढे काही बोललं नाही म्हणून त्याची संमती आहे, असं समजू नका.