जाळ्यात न आलेला

बाटलीतल्या माशाचा डोळा पांढरा पडला होता—स्पिरिटमध्ये सगळ्यांचाच पडतो—आणि तरी तो आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत राहिलं. करंगळीएवढा मासा. बाजारात मासे विकणारी बाई याला टोपलीतून वेचून फेकते, कचरा म्हणते. नवराही चिडवतो, ‘इतकी वर्षं ज्याच्या मागे लागलीस तो धड तळताही येत नाही!’ चिडवू दे... ओढ्यातले दगड हा खरवडून स्वच्छ ठेवतो, हे त्याला कुठं ठाऊक आहे. वरच्या अंगाला हा मासा संपला, तेव्हा एका उन्हाळ्यात दगडांवर शेवाळाचे थर चढले, पाण्याला वास सुटला, दगडांखालचे किडे गेले आणि किड्यांमागोमाग मोठे मासेही. हे तिने गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलं होतं.

आणि सरांच्या अहवालात काय, तर ओढ्यात मासे नाहीत.

सर खोटं बोलत नव्हते, हेच जास्त खुपत होतं. त्यांनी नेहमीचं जाळं लावलं, खायच्या माशांसाठी विणलेलं, आणि त्याच्या भोकांतून तिचा मासा आरपार निघून गेला. जाळं रिकामं म्हणजे ओढा रिकामा. आता तो सिमेंटच्या नळात घालायचा—आज बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या की झालं. सकाळीच ती सरांच्या खोलीत गेली होती.

‘सर, एकदा बारीक जाळ्यानं बघू या ना.’

‘अगं, तुला कायम करावं म्हणून मी वर किती जणांचे पाय धरलेत,’ सर मायेने म्हणाले. ‘आता कशाला फाटे फोडतेस?’

मायेने! दमदाटी केली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पहिल्यांदा ओढ्यात उतरले तेव्हा याच माणसाने माझा हात धरला होता, म्हणाला होता, नीट बघ पोरी, घाई करू नकोस... आणि मी बघत राहिले.

बैठकीत अहवाल वाचून झाला. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणत सर चष्मा पुसू लागले, नेमकं तिच्याकडे न बघता. घाबरलेत—मला? तिला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याबरोबर संताप. तिने खुर्ची मागे सरकवली. सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मघापासून जुळवलेल्या वाक्यांत मासा कुठेच नव्हता. ओढा वाचो न वाचो—या म्हाताऱ्याला चारचौघांत तोंडघशी पाडायला मिळणार, आणि कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.