दाढेतला समुद्र

डबीतल्या कापसावर पडलेली ती दाढ इतकी गरीब दिसत होती... आणि हिनेच त्याला आठवडाभर उभं नाचवलं होतं! दंतवैद्याने काल उपटून, पुसून, आहेर द्यावा तशी हातात ठेवली, "आठवण म्हणून ठेवा." त्याने ती सरळ प्रयोगशाळेत आणली. त्याचाही धंदा दातांचाच. फक्त त्याचे रुग्ण हजारो वर्षांपूर्वी वारलेले, त्यामुळे तक्रार करत नाहीत.

"सर, आज घरचाही माल?" सहकारी बाई म्हणाली.

"लावा रांगेत. चौदा नंबरच्या आजोबांच्या मागे."

काम सरळ. खडकातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य, दर भागात त्याचा आकडा वेगळा, पाण्यात उतरतं, पाण्यातून धान्यात, धान्यातून पोराच्या दातात — आणि दात एकदा घडला की माणूस पुढे कुठेही मरो, तो बालपणीचं गाव धरून बसतो. या दाढेचं कवच तिसऱ्या वर्षापर्यंतचं, घरच्या विहिरीवर आणि शेजारच्या शेतावर पोसलेलं. तिसऱ्याच वर्षी वडील गेले. त्यांची शिल्लक आठवण एवढीच... समुद्र, त्यांचे खांदे, मुठीत धरलेले कान, आणि "अरे, कान आहेत ते, लगाम नव्हे!" दादा म्हणतो, ते कान माझ्या मुठीत होते, तुझ्या जन्माआधीच आपण समुद्राकाठचं गाव सोडलं, माझं ऐकून ऐकून तू ते ढापलंस. आई असती तर एका वाक्यात निकाल लागला असता.

दुपारी यंत्राने लावला. आकडा इथल्याच खडकाचा. समुद्राचा मागमूस नाही.

"काय म्हणते दाढ?" दादाचा फोन.

"इथलीच आहे."

"बघ! चोर कुठला. आता परत कर."

तो हसला, हसताना जबडा ठणकला. मग चौदा नंबरचा अहवाल. आजोबाही इथलेच. सवयीने बोटांनी लिहिलं — स्थानिक, स्थलांतर नाही — आणि तिथेच अडकली. दोन दिवसांचा प्रवास दातात उतरत नाही, हे तो विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो. शिकवतो आणि विसरतो. पोराला खांद्यावर घेऊन आजोबा समुद्र बघून आले असतील, कान ओढून घेतले असतील, परत येऊन नांगराला लागले असतील... दातांना पत्ता नाही. अशा किती जणांना आपण जन्मभर एका जागी बसवून ठेवलं! त्याने 'नाही' पुसलं. त्या जागी काय लिहावं, सुचेना.

दादाला विचारता आलं असतं, आपण परत कधी गेलो होतो का रे, दोन दिवसांसाठी? फोन समोरच होता. विचारलं नाही.

जीभ सारखी त्या खळग्यात जात होती. खारट लागलं. दंतवैद्याने मिठाच्या गुळण्या सांगितल्यात, त्याच असणार, दुसरं काय... तरी त्याने जीभ तिथून काढली नाही.