नववीतल्या बाकाची किंमत

डोणगावच्या अलीकडे एका गावात सोमवारी शाळेची प्रार्थना आटोपली आणि चिंतामण सरांनी नववीला गणित शिकवायला घेतलं. मागच्या बाकावर सारिका होती, सतरा वर्षांची. मूळ गावच्या लोकांनी बौद्धवाड्यातलं त्यांचं घर जाळलं तेव्हा तिला नुकतंच चौदावं वर्ष पूर्ण झालं होतं. पंजाबराव आणि तानाबाई लेकीला घेऊन इथे पत्र्याच्या खोलीत आले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदाव्या वर्षी हात झटकतो, म्हणून एकही शाळा तिला घेईना. तीन वर्षं सोयाबीन सोंगत तिने दारं ठोठावली, तेव्हा हा बाक मिळाला. केवढं हे औदार्य.

तेवढ्यात शाळा समितीचे अर्जुनराव दोन माणसं घेऊन वर्गात शिरले.

"आमच्या पोरीजवळ हे घोडी काऊन बसवली? तेबी गावानं हाकललेली."

त्यांनी वेणी धरून तिला फरशीवर ओढलं. तोंडावर लाथ बसली, दात तुटून ओठात घुसला. सर खडू धरून उभे राहिले. समोरच्या बांधकामावरून पंजाबराव धावत आले, तर त्यांच्या डोक्यात काठी घातली. पायरीवर रक्ताचं थारोळं साचलं.

संध्याकाळी दवाखान्यात समझोता आला. आपल्याकडे तो मारहाणीच्या मागोमाग येतोच. सांगायला समितीने सरांनाच पाठवलं होतं. मला या माणसाचा राग येतो, कारण तो वाईट नाही.

"पंजाबराव, केस करू नका. मी सतरा नंबरचा फॉर्म भरतो, सारिका बाहेरून दहावी देईल. वर्गात तेवढं येऊ नये."

पंजाबरावांनी डोळे मिटले. "हो म्हण, पोरी. जीव तं वाचला."

"घर जाळलं तवाबी तुमी हो म्हटलं, बाबा," सारिका सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "केस मांगं घेतली, तरी गाव गेलंच. मी वर्गातच बसीन."

तानाबाईने पदर खोचला. "चाल ठाण्यात."

सर वाटभर विनवण्या करत मागे आले.

ठाण्यात जमादाराने विचारलं, "मारताना कोणी पाह्यलं?"

सारिकाने दाराकडे बोट केलं. "आमच्या सरांनी. सारं पाह्यलं त्याइनं."

जमादाराने खुर्ची पुढे सरकवली. सर उंबऱ्यावरच उभे आहेत. वाचकहो, तुम्ही असता तर आत जाऊन बसला असता का?