मीरिमच्या कानातले डूल

अनारकानला लहानपणापासून चालता येत नव्हतं. नारीन शहरातल्या शिवणकारखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा आईने आनंदाने आळीभर कणकेचे बोरसोक तळून वाटले होते. आज धाकट्या बहिणीच्या, मीरिमच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला तिच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार, म्हणून त्याच आईने अनारकानची चाकांची खुर्ची मागच्या खोलीत ढकलली.

"तासभर कळ काढ गं बाई. तुला बघून सोयरीक मोडली तर?"

भिंतीपलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "तुझा झगा किती सुबक! कुणी शिवला?"

तो अनारकाननेच शिवला होता. तिने भिंतीला कान लावला.

"बाजारातून आणलाय," मीरिम म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मीरिम आत धावली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुझं नाव घ्यायला माझी जीभच वळली नाही गं!"

अनारकान तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला मात्र रडूही येईना.