वाऱ्यानं पिलेलं पानी

मी एक जुनी छागळ हाय, मित्रांनो, पान्याची कापडी पिशवी. आता खुंटीला लोंबकळतेय. बूच हरवलंय, बुडाला उंदरानं दात लावल्यात. तरी कुनी माझ्यापाशी आला की मी आधी त्याचे हात बघते. ह्यो पानी भरायला आलाय का वतून न्यायला? सोभावच संशेवी हाय माझा. पर त्यात माझा काय दोष? ज्याच्या घरी दिस काढावं त्याचा गुन वस्तूला लागतोच. आन् माझी मालकीन मरियमबाई! बाजारात कोथमिरीची जुडी घेतली तरी मधी गवत दडवलंय का म्हनून सोडून बघनार.

माझा जलम भिंगारचा, लढाईच्या वर्सातला. पलटनीचे तंबू सांधायच्या शेडमधी मरियमबाईचा मालक शमुवेल सुई चालवायचा. एक तंबू पार इटला, मोडीत निघाला. साहेबाला इचारून शमुवेलनं त्यातला धड तुकडा घरी आनला. मेन लावलेला दोरा घेऊन दुहेरी शिवन घातली, तोंडाला पितळी तोटी बशिवली, तिला लाकडाचं बूच लावलं, टांगायला दोरी दिली. झाली छागळ.

पहिल्यांदा पानी भरलं तवा मी चारी बाजूनं गळाया लागले. मरियमबाई कंबरंवर हात ठिवून म्हनली, "अवो, ही छागळ हाय का चाळन?"

शमुवेल हसला. "आगं, नवं कापड हाय. भिजू दे. सूत फुगलं की भोकं बुजत्यात."

रातभर मला घंगाळात बुडवून ठिवलं. सकाळी गळती थांबली, आंगाला नुसती ओल राहिली. त्या ओलीतच माझी सगळी करामत हाय, मित्रांनो. पोटातलं पानी बाहीर झिरपतं, वारा लागला की वाळतं, आन् वाळता वाळता आतल्या पान्याला गार करून जातं. वाऱ्याला चार घोट पाजल्याबिगार मला मानसाला गार घोट देता येत न्हाई. हे काय माझं गुपित न्हाई, धंदा हाय माझा.

शमुवेलनं बायकूला बजावलं, "हिला वाऱ्याला टांगायची. कोंडायची न्हाई."

"व्हय व्हय," मरियमबाई म्हनली. "जल्मभर काय आमी पानी सुपात ठिवलं?"

भिंगारच्या त्यांच्या चाळीत वारा बोळातून चोरावानी यायचा. त्यामुळं माझं पानी लई कमी व्हायचं न्हाई. पर गार असं की शेजारपाजारच्या बाया काहीतरी निमित्त काढून यायच्या. "मरियमबाई, तुमच्या छागळीचं घोटभर द्या की!" मला तवा लई भारी वाटायचं. मरियमबाई मातर किती घोट गेले ते डोळ्यानं मोजायची.

आता इनीची, म्हंजे लेकीच्या सासूची गोष्ट. मरियमबाईची लेक कृपा शेवगावाकडं दिली हुती, एलिझाबेथबाईच्या पीटरला. ही मानसं दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. देवळात जानं सुटलं, रविवारची उपासना आली, पर रीत म्हंजे चामडीवानी असती, सहजासहजी निघत न्हाई. लेकीला लेकरू हुईस्तवर लेकीच्या सासरचं पानी आईनं घ्यायचं न्हाई, ही जुनी रीत मरियमबाईनं गच्च धरली हुती. लग्नातसुदिक ती सोताचा तांब्या घेऊन गेल्ती. एलिझाबेथबाईला ते झोंबलं हुतं. "आमच्या पान्याला काय किडं पडल्यात?" ती म्हनायची. मरियमबाईच्या कानावर आलं. झालं, तवापासून दोघी एकमेकीकडं तिरप्या नजरंनं बघायच्या.

लढाई संपल्यावरचा पहिला उन्हाळा. भर वैशाख, साळंला सुट्ट्या. गोदावरीच्या पात्रात एक जांभळाचं बेट हाय, तिथं ख्रिस्ती मंडळींचा मेळा ठरला. उपासना, भजनं, सगळ्यांनी मिळून जेवान, आन् नदीच्या गारव्याला सुट्टी. शमुवेलला शेडमधून रजा गावली न्हाई. मरियमबाई एकटीच मला गाडीच्या साटीला टांगून निघाली. मनात म्हनली, चार दिस थंडाईत लेकीसंगं काढीन.

कसली थंडाई! नदीची एक धार तेवढी गुडघाभर वाहत हुती, बाकी सगळी वाळू, तव्यावानी. राहात्यापासनं गाड्या आल्यात्या. झाडं मूठभर आन् मानसं पोतंभर. जो तो आधी सावली धरायच्या मागं. कुनी चादर टाकून ठिवी, कुनी नुसत्या वहाना. पर सावली काय कुनाच्या बापाची न्हाई. ती दुपारी सरकायची आन् तिच्यामागं सगळं बेट बसल्या बसल्या सरकायचं. बापय मानसं धारंत गळ्याइतकी लोळून पडायची, बाया डोईवर वले फडके घेऊन बसायच्या, पोरांच्या खिशात कांदा. धारंचं पानी म्हशीनं घुसळल्यावानी झालं हुतं. प्यायचं पानी एका झिऱ्याचं. वाळूत खड्डा खांदून केलेला झिरा, वाटीवाटीनं भरायचा. तिथं बायांची ही रांग.

कृपानं आईसाठी आपल्याच झाडाखाली जागा धरली हुती. म्हंजे एका जांभळीखाली दोन्ही इनी. मला बाहीरच्या फांदीला टांगलं, आन् पश्चिमेचा तो कोरडा, पिसाळलेला वारा माझ्या आंगाला भिडला. असा वारा म्या कधी बघितला न्हवता. घटाघटा प्यायला लागला.

दुपारी मरियमबाईनं मला चाचपलं. अर्धी!

तिनं आधी खाली बघितलं. माठ पाझरला तर खाली ओल दिसती. इथं वाळू कोरडी ठाक, थेंबाचा डाग न्हाई. माझ्या आंगचं पानी खाली पडायच्या आतच वारा उचलत हुता, ते तिला कसं कळावं? ती लेकीच्या कानाशी लागली.

"किरपे, माझ्या छागळीला कुनी हात लावला?"

"कुनी न्हाई, आये."

"मंग पानी काय पाय फुटून गेलं? मी वळखते. तुझ्या सासूचा डाव हाय. माझं पानी संपवायचं, म्हंजे झक मारत तिच्या माठाचं प्यावं लागंल."

"आये, हळू बोल की! आत्याबाई ऐकतील."

एलिझाबेथबाईनं ऐकलं का न्हाई देव जाने. पर तिनं इनीचे सुकलेले व्हट बघितले हुते, ते मला ठावं हाय. दुसऱ्या दिशी तांबडं फुटायच्या आत, रांग नसताना, ती झिऱ्यावर गेली. कळशी भरून आनली. माझं बूच काढलं आन् हळूहळू वतायला लागली. तेवढ्यात मरियमबाईनं डोळं उघडलं.

"घावल्या!" ती ताडकन उठली. "बूच उघडं, हात वले, आन् छागळ अर्धी!"

"अवो, मी भरत हुते ईनबाई."

"भरत हुत्या? आसं व्हय! सोताच्या माठातलं घालून माझी रीत बाटवत हुत्या म्हना की!"

"झिऱ्याचं हाय ते. देवाशप्पत."

"चोराला शपता गोड लागत्यात."

बघा मित्रांनो, संशेव कसा असतो. पानी कमी झालं तर चोरलं, वाढलं तर बाटवलं. मरियमबाईनं मला फांदीवरनं वढलं आन् सगळ्यांच्या देखत उलटं केलं. झिऱ्याचं ते नितळ पानी वाळूत गेलं. आजूबाजूची मानसं उठून बसली. एक म्हातारी म्हनली, "आगं बया, पानी वतलं गं हिनं!"

एलिझाबेथबाईचं तोंड लालबुंद झालं. ती एवढंच बोलली, "ईनबाई, भरल्या मेळ्यात मला चोर केलं. चोराच्या घरी लेक कशाला ठेवता? गाड्या जुपल्या की तिला तुमच्याच गाडीत घाला."

कृपा दोघींच्या मधी उभी. एका हातात आईचा पदर, दुसऱ्या हातात सासूची रिकामी कळशी. रडली न्हाई पोरगी, पर दोन्हीतलं काय बी सोडलं न्हाई तिनं. मला तोंड असतं तर म्या बेटभर वरडले असते. पर मला तोटी हाय, जीभ न्हाई.

मरियमबाईनं रांगंत उभं राहून मला पुन्हा भरलं, आन् ह्या बारीला फांदीला टांगलं न्हाई. गाडीत घातलं, वरनं गोधडी गुंडाळली, आन् सोता राखनीला बसली. मालकाचं बोलनं सपशेल इसरली. गोधडीत वारा न्हाई, मग माझं पानी कमी कशानं हुनार? दोन घटकांनी चाचपलं, मी टम्म. आणखी वेळानं चाचपलं, तरी टम्म.

"बघ!" ती कृपाला म्हनली. "राखन केली तर थेंब हलला न्हाई. आता तरी पटलं का कोन चोर हाय?"

पुरावाच तसा हुता. मला सोताची लाज वाटली. खोट्या आळाला मी साक्षीदार झाले हुते, आन् ती बी पोट फुगवून.

ऊन डोईवर आलं. मरियमबाईनं घोट घेतला आन् थुकला. ऊन ऊन पानी, तंबूच्या कापडाचा वास मारनारं. तिनं उरलेलं पानी वतून दिलं, मला खांद्याला मारलं आन् निघाली झिऱ्याकडं, भर दुपारी.

"आये, ऊन उतरू दे," कृपा म्हनली.

"मला माझं पानी पायजे."

झिऱ्यावर बायांची रेटारेटी. सावलीचा ठिपूस न्हाई. पाठची पुढचीला ढकलतीय, पुढची कोपरानं मागं सारतीय, आन् मरियमबाई मला छातीशी घट्ट धरून, कुनी हिसकंल म्हनून दोन्हीकडं बघतीय. तिचं काळीज माझ्या आंगाला ऐकू येत हुतं, लोहाराच्या भात्यावानी. घाम थांबला. मंग ती माझ्यासकट वाळूत कोसळली.

चौघींनी उचलून जांभळीखाली आनली. कुनी तळपायाला कांदा चोळला, कुनी पदरानं वारा घातला. कृपानं घाईत सासूच्या माठातला गडू भरून व्हटाला लावला. मरियमबाईला सुद नीट न्हवती, पर त्या माठाचा गडू तिला बरूबर कळला. दात असे आवळले की उघडंनात.

"आये, पी गं! मरशील की!"

एलिझाबेथबाई उठली. तिनं मला उचललं आन् झिऱ्याकडं पळाली. तशा उन्हात, अनवानी. "सरा! माझ्या ईनीला ऊन लागलंय, सरा!" तिनं रांग अशी फाडली जशी कापडवाला मांजरपाट फाडतो. मला भरलं, भायेरनं बी भिजवलं, आनून फांदीला टांगलं, आन् तोटी मरियमबाईच्या तोंडाशी वाकवली.

"झिऱ्याचं हाय. माझ्या माठाचं न्हाई. आता प्या, का झिऱ्यावर बी संशेव हाय?"

मरियमबाई प्याली. एक घोट, दोन घोट. मंग गटागटा.

सारी दुपार ती उतानी पडून राहिली. डोळं उघडलं की वर मीच दिसायचे. एलिझाबेथबाई लांब, पाठ करून बसलेली. कृपा आईच्या उशाला. कुनीबी माझ्याजवळ आलं न्हाई, आन् मरियमबाईनं नजर हलवली न्हाई. तरी माझं पोट खपाटीला जात चाललं. ऊन कललं तवा मी अर्धी झाले हुते. खालची वाळू कोरडी.

तिनं हात वर करून पंजा माझ्या कुशीला लावला. गार, वलागच्च. हात काढला, वाऱ्यात धरला. बघता बघता पंजा वाळला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा धरला. पुन्हा वाळला.

"किरपे," ती बसक्या आवाजात म्हनली, "तुझा बाप म्हनला हुता वाऱ्याला टांग. ह्यो मेला वारा पितोय का गं?"

"आन् पहाटं आत्याबाई झिऱ्याचंच घालत हुत्या, आये. रांग लागायच्या आत गेल्त्या. तुझ्यासाठी."

मरियमबाईनं पदर सावरला. मंग कोपरावर उठली.

"ईनबाई."

एलिझाबेथबाईनं मान वळवली न्हाई. "काय?"

"तुमच्या माठातलं गडूभर द्या."

"कशाला? पाय धुवायला?"

"प्यायला."

आता एलिझाबेथबाई वळली. तिच्या बी डोळ्यात संशेव हुता, बरं का. "आन् तुमची रीत?"

"ती बी वाऱ्यानं पिली म्हना."

एलिझाबेथबाईनं गडू भरून आनला. मरियमबाईनं त्यो हातात घेतला आन् सवयीनं आत वाकून बघितलं.

"आता काय बघताय, गवत?"

"न्हाई वो," मरियमबाई म्हनली. "माझंच तोंड दिसतंय."

आन् सगळा गडू एका दमात रिकामा केला.

निघायच्या सकाळी कृपाचं बोचकं मरियमबाईनं सोता उचलून इनीच्या गाडीत ठिवलं. मला तिच्याच गाडीच्या साटीला टांगलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," म्हनली. "वाऱ्याला टांगा. कोंडू नका."

तवापासून मी शेवगावाकडं हाय. शेताच्या बांधावर, बाजाराच्या वाटंवर लई मानसांची तहान भागवली. आता घरात नवा माठ आलाय, मला कुनी भिजवीत न्हाई. कापड वाळलं, घड्या मोडल्या, उंदराला फावलं. तुमच्या घरी अशी एखादी छागळ आसंल तर तिला कोरडी टाकू नका, मित्रांनो. आठवड्याला तरी भिजवा, फाटलं तर टाका घाला, वाऱ्याला टांगा. पानी कमी झालं तर होऊ द्या. आन् कुनावर चोरीचा आळ घेन्याआधी एकदा तिच्या कुशीला हात लावून बघा. वाऱ्याचं तोंड कुनाला दिसत न्हाई, पर पितो त्योच.

आता जरा इकडं ये. व्हय, तूच. माझं बूच तर न्हाई ना तुझ्या खिशात?