एबेनेझरशेठांचं आख्यान

शारजात रोल्ला भागात रामचंद्र शेट्ये यांचं किराणा दुकान होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा शिधा वर्षानुवर्षं तिथूनच जायचा. त्या वर्षी सुनेत्राबाई अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सामान दुबईहून आणू." शेटजींनी हिशेब मांडला. ऑर्डर राखायची तर खुर्चीत आपणच बसलेलं बरं!

पण दुकानदाराला मतं कोण देणार? उत्तर घरातच सापडलं. मुलगी इरा शाळेसाठी जुन्या काळच्या एका अमेरिकन व्यापाऱ्यावर प्रोजेक्ट करत होती. एबेनेझर व्हिटलॉक. घोंगड्या आणि खारवलेले मासे विकणाऱ्या या माणसाला गावाने उचलून थेट प्रांताच्या सभेत बसवलं होतं.

"डॅड, ही वॉज अ ग्रेट मॅन."

"व्यापारी होता ना? खलास, मग झालं!"

शेटजींनी गोदामात कीर्तन ठरवलं. राजनबुवा एरवी ऑफिसात अकाउंट्स बघत, पण उपरणं खांद्यावर आलं की ते नारदाच्या गादीवर.

"बुवा, उत्तररंगाच्या कथेला तो अमेरिकेतला व्यापारी घ्या की. म्हणजे लोकांना कळेल, व्यापारीसुद्धा..."

"जिवंत माणसाची स्तुती या गादीवरून होत नाही, शेटजी. हा तर कधीच गेलाय. घेऊ! इराकडून सगळं समजून घेतो."

"सगळं कशाला? निवडून आला, इथवर पुरे!" शेटजी म्हणाले, पण बुवा तोवर इरासमोर मांडी घालून बसले होते.

कीर्तनाला तांदळाच्या पोत्यांना टेकून माणसं दाटीवाटीने बसली. एबेनेझरशेठ बर्फ तुडवत गोरगरिबांच्या दारी घोंगड्या पोचवू लागले, झांज खणखणली, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बुवांनी प्रश्न टाकला की पुढे बसलेल्या यजमानाने सगळ्यांच्या वतीने होकार द्यायचा, ही तिथली रीत. शेटजी नुसते फुलले होते.

"व्यापारी सभेत गेला तर गावाचं भलं होतं ना?"

"होय महाराज!"

"आणि पहिल्याच दिवशी निघाला शिपायांच्या घोंगड्यांचा विषय! सगळे म्हणाले, तुमच्याच दुकानातून घेऊ. एबेनेझरशेठ उभे राहिले. म्हणाले, 'ज्यांचा कारभार मी बघतो, त्यांना माझ्या दुकानातला धागाही विकणार नाही!' कारभारी असाच असावा ना, यजमान?"

शेटजी डोक्यावरची टोपी सारखी करू लागले. पेटीवाला एकच सूर धरून बसला. शेजारी बसलेल्या बायकोने, नर्मदाबाईंनी, कोपर मारलं, "अहो, बुवा थांबलेत."

मतं गेली तरी चालतील, पण नारदाच्या गादीला नाही कसं म्हणायचं? शेटजींची भक्ती तेवढी खरी होती.

"होय... महाराज."

गोदाम हरिनामाने दुमदुमलं. आरती होताच सुनेत्राबाई हात जोडून म्हणाल्या, "भरसभेत असा शब्द देणाऱ्यासमोर मी कुठे उभी राहू? माझा अर्ज मागे. शेटजीच अध्यक्ष!"

बुवांनी शेटजींना बुक्का लावला, कुणी हार घातला. पाया पडता पडता कुणीतरी विचारलं, "अध्यक्षसाहेब, मग यंदा शिधा कुठून घ्यायचा?"

शेटजींनी एकदा आपल्या पोत्यांकडे पाहिलं.

"दुबईच्या त्या किराणावाल्या हनीफकडून घ्या. त्याचा तांदूळ माझ्यापेक्षा चांगला असतो."

"अगंबाई!" नर्मदाबाई म्हणाल्या, "हे आजवर कधी बोलला नाहीत ते!"

"आजवर अध्यक्ष कुठे होतो?"